सुगीच्या टेबलावर

मला टेबलावर चढवलं.

डाव्या हाताला भोपळा. उजव्या हाताला पाय बांधलेला कोंबडा. मध्ये मी, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आमची सगळी मंडळी, आणि खाली माईक हातात घेऊन दादासाहेब.

"बोला," ते म्हणाले. "या कलाकाराला किती?"

लोक हसले. मीपण हसलो. दुसरं काय करणार? टेबल डुगडुगत होतं.

हे असं का झालं ते सांगतो. आमचं चर्च चिखलीत, एका वर्कशॉपच्या डोक्यावरच्या पत्र्याच्या हॉलमध्ये. दर वर्षी तिथं सुगीचा सण होतो. शेतात जे पिकलं त्यातलं पहिलं देवाला आणायचं, भक्ती झाली की त्याचा लिलाव करायचा, आलेला पैसा गरजवंताला द्यायचा. आता आमच्यात शेत कुणाला? गावाकडं नव्हतं, इथं कुठून येणार? आमची सुगी चाकणच्या कंपन्यांत, शिफ्टमध्ये. तरी लोक आणतात. कुणी मंडईतला भोपळा, कुणी केक, कुणी दिवाळीला कंपनीनं दिलेला कुकर. भोपळा हजाराला जातो, घेणारा तो परत टेबलावर ठेवतो, पुन्हा बोली. एकदा एक नारळ अर्ध्या मंडळीनं विकत घेतला आणि शेवटी तो आमच्या धर्मगुरूंच्या, म्हणजे पाळकसाहेबांच्या, चटणीत गेला.

लिलाव पुकारायचो मी. "हा भोपळा बघा, अगदी दादासाहेबांसारखा, कुठूनही धरा, हातात येत नाही." लोक पोट धरून हसायचे. दादासाहेबही हसायचे आणि बोली वाढवायचे.

त्या वर्षी माझ्या बायकोचा, सुमनचा, पाय सडायला लागला होता. साखरेचा आजार. अंगठ्याशी बारीकशी जखम झाली, ती वर सरकत होती. डॉक्टर म्हणाले, लगेच ऑपरेशन केलं तर पाय वाचेल. खर्च ऐकून मी म्हटलं, "साहेब, एवढ्यात तर नवीन बायको येईल." सुमन हसली. डॉक्टर हसले नाहीत.

मंगळसूत्र विकलं. मोटारसायकल विकली. गावाकडं भावाला फोन केला. तो फोनवर रडला, मग मलाच त्याची समजूत काढावी लागली. शेवटी दादासाहेबांकडे गेलो. ते चर्चचे पंच. आणि चाकणला ज्या कंपनीच्या पेंटशॉपमध्ये मी होतो, तिथं माणसं पुरवणारे ठेकेदारही तेच. रविवारी माझे बंधू, सोमवारी माझे मालक. पिंपळे सौदागरच्या फ्लॅटवर त्यांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं.

"करू की," म्हणाले. "पण सणाच्या दिवशी, मंडळीसमोर. दिलेलं दिसलं की बाकीच्यांनाही द्यावंसं वाटतं."

मी खुशीत घरी आलो.

टेबलावरचा तो कोंबडा आमचाच होता. सुमननं पिल्लू असल्यापासून वाढवलेला, देवाला बोललेला. मी म्हटलं होतं, विकू या, चार दिवसांचं औषध येईल. ती म्हणाली, "बोललाय तो. आपला नाही आता." पाऊल टेकवत नव्हतं, तरी रिक्षात त्याला मांडीवर घेऊन आली.

तर, मी टेबलावर.

"माझे दहा हजार," दादासाहेब माईकवर म्हणाले. "पण फुकट नाही राव. काहीतरी करून दाखव."

मी एक विनोद सांगितला.

"हे जुनं झालं. त्या कोंबड्यासारखा आरव. आरवलास तर वीस."

मी आरवलो. मान वर करून, हातांचे पंख करून. चांगला आरवलो. मी जे करतो ते नीट करतो. खरा कोंबडा दचकला. हॉल हसून फुटला. मोबाइल वर झाले.

"पन्नास," दादासाहेब म्हणाले. "पण आता एका पायावर. बायकोच्या पायासाठीच चाललंय ना? मग एका पायावर."

मी एक पाय उचलला.

तेव्हा सुमन दिसली. भिंतीजवळ बसलेली, पट्टी बांधलेला पाय दुसऱ्या खुर्चीवर. रडत नव्हती. माझ्याकडे बघतही नव्हती. पदर ओढून पाय झाकत होती. कुणाला दिसू नये म्हणून.

आपल्या गुरूला तीनदा नाकारणारा शिष्य कोंबडा आरवल्यावर बाहेर जाऊन रडला, ही बायबलातली गोष्ट आम्हाला लहानपणापासून पाठ आहे. पण मला आठवला माझा आजा. जालन्याकडच्या आमच्या गावात तरुणपणी तो विहिरीपाशी उकिडवा बसायचा, ओंजळ धरायचा आणि पाटलीणबाई वरून पाणी ओतायची. अर्धं तोंडात, अर्धं कोपरावरून मातीत. मी त्याला विचारलं होतं, तू ख्रिस्ती का झालास? तो म्हणाला होता, "तिथं प्याला हातात देत व्हते." एवढंच. भक्तीत सगळे मिळून पितात तो एक प्याला, या हातातून त्या हातात. त्यासाठी त्यानं देव बदलला, गावाचा रोष ओढवला, भावकी सोडली.

आणि त्याचा नातू देवाच्याच घरात ओंजळ धरून उभा होता. टेबलावर असूनही खाली. पैसा वरून ओतला जात होता.

मी पाय टेकवला. उतरलो. दादासाहेबांपुढे हात केला. सवयीनं त्यांनी माईक दिला.

"लिलाव कोंबड्याचा," मी म्हणालो. "मी विकायला आलेलो नाही."

"अरे, चेष्टा होती," दादासाहेब म्हणाले. "पैसे घे. बायकोचा पाय आहे."

"पाय आहे, दादासाहेब. खेळ नाही. तुमचे पैसे राहू द्या."

पाळकसाहेबांनी घाईघाईनं गीत सुरू केलं.

सुमनला घेऊन रिक्षात बसलो. मी मार खायला तयार होतो. पाय तिचा, आणि नाही म्हणून आलेलो मी.

"कोंबडा तिथंच राहिला ना?" तिनं विचारलं.

"राहिला."

"राहू द्या. दिला होता आपण." मग बाहेर बघत म्हणाली, "पुन्हा आरवू नका."

पाय वाचला नाही. सरकारी दवाखान्यात नंबर लागेपर्यंत उशीर झाला होता. घोट्याच्या वरून काढला. त्याआधीच कंपनीच्या गेटवर माझं कार्ड बंद झालं होतं. आता चिखलीतच एका शेडमध्ये ग्राइंडिंग करतो, निम्म्या पगारावर. सुमन कधी कधी म्हणते, तळवा दुखतोय, चोळा. नसलेला तळवा. मी चादरीवर हात फिरवतो. पैसे घेतले असते तर? हा प्रश्न मला रोज पडतो. त्याचं उत्तर ठाऊक आहे असं सांगणारा खोटं बोलतो.

यंदा पाळकसाहेब घरी आले. "लिलाव तुम्हीच पुकारा. तुमच्याशिवाय मजा नाही."

मी हो म्हणालो. सुमननं दुसरा कोंबडा वाढवलाय, तोही बोललेला. भोपळे पुकारीन, केक पुकारीन, कुकर पुकारीन. हसवीनसुद्धा. पण त्या टेबलावर कुणी माणूस चढवला, तर माईक बंद करीन. सण मोडला तर मोडू दे.

आणि आमच्या घरातून कमाईतला देवाचा दशमांश अजून निघतो. निम्म्या पगारालाही दहावा हिस्सा असतोच. सुमन तो कागदात गुंडाळून देते, मी गरजवंताला पोचवतो. समोरचा खाली बसलेला असेल तर मीही खाली बसतो, आणि हातात देतो. कुणाच्या, ते विचारू नका. आयुष्यभर पुकारत आलो. एवढं एक पुकारणार नाही.