ग्लोरियाबाईंची उत्तरांची फाइल

ग्लोरिया साळवे साखर कारखान्यात लागली ती टायपिस्ट म्हणून. सकाळच्या एसटीनं श्रीरामपूरहून यायची, शेतकी खात्याची पत्रं टाइप करायची आणि संध्याकाळच्या गाडीनं घरी जायची. वडील, विल्सनसर, मिशनच्या शाळेत गणित शिकवत. मुलीनंही डी.एड. करून शाळेत लागावं, असं त्यांच्या मनात होतं. पण कारखान्यात कॉम्प्युटर आला, त्याला हात लावायला कुणी धजेना, आणि टायपिंग येतं एवढ्या भांडवलावर ग्लोरियाला त्या गार खोलीत नेऊन बसवलं. तिथं ती रमली. पाच-सहा वर्षांत कॉम्प्युटर विभाग तिच्याच जिवावर चालू लागला. हुद्दा मात्र टायपिस्टचाच राहिला, आणि तिनंही त्यासाठी कधी कुणाचा उंबरा झिजवला नाही.

सत्त्याण्णव साली कारखान्यानं प्रत्येक गट ऑफिसात एकेक कॉम्प्युटर दिला. कुणाचा ऊस कधी लावला, कोणत्या जातीचा, किती क्षेत्र, या सगळ्या नोंदी गटातूनच फोनच्या तारेवरून कारखान्याच्या डेटाबेसमध्ये यायच्या होत्या. त्यावरून तोडीचा क्रम लागणार होता. डेटाबेसशी बोलायचं तर प्रत्येक मशिनवर ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्रॅम बसवावा लागे, आणि तो बसताना इंग्रजीत प्रश्नांची सरबत्ती करी. नाव काय, कोणत्या फोल्डरमध्ये बसवू, सगळं बसवू की थोडं? पहिल्या दोन गटांतल्या कारकुनांनी आपापल्या मनानं उत्तरं दिली आणि दोन्हीकडे जोडणी लागेना. ग्लोरियाला जीपनं जाऊन ते निस्तरावं लागलं. हंगाम तोंडावर आला होता. उरलेल्या गटांत असंच फिरत बसायचं तर बॉयलर पेटेपर्यंत काम उरकलं नसतं.

पुण्याच्या ज्या कंपनीनं प्रोग्रॅम लिहिला होता, तिथल्या योगेशनं फोनवर वाट दाखवली. ड्रायव्हर एकदा अमुक पद्धतीनं बसवायचा, म्हणजे आपण दिलेली सगळी उत्तरं एका फाइलमध्ये टिपली जातात. पुढं ती फाइल फ्लॉपीवर सोबत दिली की ड्रायव्हर कुणाला काही न विचारता, गुपचूप बसतो. ग्लोरियानं तसं केलं. फाइल उघडली, ओळ न् ओळ वाचली. नावाच्या जागी गटाचं नाव घातलं, फोल्डर सगळीकडे एकच ठेवला. शेवटचा प्रश्न मशिन बंद करून पुन्हा चालू करण्याचा होता. त्याचं उत्तर तिनं ‘हो’ असंच राहू दिलं. तसं केल्याशिवाय ड्रायव्हर लागू होत नाही, हे तिला ठाऊक होतं. स्वतःच्या टेबलावर तिनं दोन वेळा करून पाहिलं. बिनबोभाट झालं.

फ्लॉप्या जीपबरोबर गेल्या. प्रवरेकाठच्या टोकाच्या गटात भिमाजी धस हे कारकून होते. पन्नाशीचा माणूस, हयात ऊसतोडीच्या चिठ्ठ्या फाडण्यात गेलेली. ग्लोरियानं त्यांना फोन लावला.

“भिमाजीमामा, ड्रायव्हर पाठवलाय.”

“आला की. चहा पिऊन माघारी बी गेला.”

“जीपचा नव्हे हो! फ्लॉपीत आहे तो. फ्लॉपी घाला, मी सांगते ते टाइप करा, आणि मग कशाला हात लावू नका.”

“आन् मशिननं काय इचारलं तर?”

“नाही विचारणार. सगळी उत्तरं मी लिहून दिलीत. अगदीच एखाद्या फाइलबद्दल काही विचारलं, तर ‘नो’ दाबा.”

जुनी फाइल राहू द्यायची की बदलायची, असा प्रश्न एखाद्या मशिनवर येऊ शकतो, हे योगेशनं सांगितलं होतं. त्याचं उत्तर ‘नो’. ती त्याच प्रश्नाचं बोलत होती.

त्या सकाळी भिमाजींच्या ऑफिसात दुरुस्त्या सांगायला माणसं आली होती. कुणाची लागणीची तारीख चुकलेली, कुणाच्या उसाची जात. साहेबांचा हुकूम होता की आता कागद नको, थेट मशिनवर घ्या. म्हणून भिमाजी एका बोटानं एक्सेलमध्ये टाइप करत होते. फोन आला तेव्हा शेवटचा माणूस नुकताच गेला होता. त्यांनी फ्लॉपी घातली, सांगितलं ते टाइप केलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. पडद्यावर काहीच हलेना. चालत नसावं म्हणून पुन्हा आपल्या तक्त्याकडे वळणार, तोच मधोमध एक चौकट आली. तिच्यात फाइलबद्दल काहीतरी विचारलं होतं. भिमाजींना बाईंचं बोलणं आठवलं. त्यांनी ‘नो’ दाबलं. पडदा काळा झाला, मशिन बंद होऊन परत चालू झालं.

खरं तर मशिन बंद व्हायला निघालं होतं आणि एक्सेल विचारत होतं, केलेलं काम जपून ठेवू का?

दुपारी भिमाजींचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. “बाई, ड्रायव्हर बसला. पर सकाळधरनं टाइप केल्यालं समदं गेलं. तुमी म्हनला तसंच केलं मी.”

ग्लोरियानं त्यांना चौकटीतले शब्द एकेक अक्षर करून वाचून दाखवायला लावलं असतं, पण चौकट आता नव्हती. कशी दिसली, कुठं आली, एवढं विचारल्यावर तो प्रश्न एक्सेलचा होता हे तिच्या ध्यानात आलं. ती म्हणाली, “मामा, उद्या सकाळी मी येते. तुमच्याकडून काही चुकलेलं नाही.”

उरलेल्या गटांना तिनं फोन करून थांबवलं. मग शेतकी अधिकारी गहिनीनाथ खर्डे यांच्याकडे गेली, झालं ते सांगितलं आणि उद्या त्या गटात जायला जीप मागितली. खर्डेसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मशिन बिघडलं म्हणा आणि मोकळ्या व्हा. कोण विचारतंय?”

“भिमाजींना विचारतील, साहेब. लोकांना परत त्यांच्याच दारात जायचंय.”

“मग जा. जीप मात्र मिळायची नाही उद्या.”

ती एसटीनं गेली. भिमाजींना कोण कोण आलं होतं हे तोंडपाठ होतं. आकडे मात्र सगळे लक्षात नव्हते. दोघं त्यांच्या लूनावरून वस्त्या फिरले. ग्लोरिया मागं बसून, मांडीवर वही धरून. झुंबरबाई कांद्याच्या रोपात होती. तिथूनच ओरडून तिनं तारीख सांगितली. पुढच्या वस्तीवर भागिरथी म्हणाली, “कालच सांगितलं ना गं बाई? का आमचं बोलणं त्या डब्यानं गिळलं?” ग्लोरिया म्हणाली, “व्हय, गिळलं. मीच गिळायला सांगितलं चुकून.” भागिरथी हसली नाही, पण तिनं जात आणि तारीख नीट सांगितली.

दोन दिवसांत सगळे सापडले, एक सोडून. सहादू गोरे लेकीकडं नाशिकला गेला होता आणि कधी येईल हे घरात कुणाला माहीत नव्हतं. त्याची जुनी, चुकीची तारीखच डेटाबेसमध्ये गेली.

परत आल्यावर ग्लोरियानं फाइलमधलं शेवटचं उत्तर ‘नाही’ केलं. मशिन कधी बंद करायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. शिवाय ड्रायव्हर सुरू होण्याआधी काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी ओळी उमटतील अशी सोय केली: आधी आपलं काम जपून ठेवा. थांबा, काम चालू आहे. आणि शेवटी, झालं, आता मशिन बंद करून चालू करा. उरलेल्या गटांत ड्रायव्हर बिनतक्रार बसला. खर्डेसाहेबांनी वार्षिक अहवालात ते काम एका वाक्यात घातलं, त्यात तिचं नाव नव्हतं.

सहादूचा ऊस त्या हंगामात उशिरा तुटला. तोपर्यंत त्याला तुरे येऊन गेले होते, वजन घटलं. सहादू गट ऑफिसात येऊन भिमाजींना नाही नाही ते बोलला. भिमाजी ऐकून घेत राहिले, बाईंचं नाव त्यांनी काढलं नाही. हे ग्लोरियाला जीपच्या ड्रायव्हरकडून कळलं. पुढच्या सुट्टीच्या दिवशी, चर्चहून आल्यावर, ती सहादूच्या वस्तीवर गेली.

त्यानं ओट्यावर पोतं टाकलं. ग्लोरियानं झालं ते सगळं सांगितलं; फाइल, ड्रायव्हर, यातलं काही त्याच्या डोक्यात शिरलं नाही. पण चूक हिची होती, भिमाजीची नव्हे, एवढं त्याला पुरतं कळलं.

“तुमी येऊन सांगितलं म्हनून माझं वजन भरून न्हाई यायचं,” तो म्हणाला.

“नाही यायचं,” ग्लोरिया म्हणाली.

मग सहादू उठून गोठ्याकडे गेला आणि तिथूनच म्हणाला, “भिमाजीला म्हनावं, सोमवारी येतो. लई बोललो मी त्याला.”

ती पायवाटेनं सडकेला लागली आणि एसटीची वाट बघत उभी राहिली.