गावाची हरकत नाही

हे मी घरातही कधी बोललो नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या गावचे नाही. माझ्याबद्दल बरं मत व्हावं म्हणून तर मुळीच नाही — ते तुमचं तुमच्याजवळ ठेवा.

मी सौंदडकडच्या एका लहान गावाचा सरपंच. विमानाने ढगांत मीठ फवारून पाऊस पाडायचा प्रयोग करणारे लोक आले होते. गोड बोलणारे, बुटांना चिखल न लागलेले. त्यांचा एक नियम होता — विमान उडवण्याआधी गावाला विचारायचं. म्हणजे कोणाला? मला. मी दवंडी द्यायची, ग्रामसभा घ्यायची, हरकत असेल तर कळवायची.

दवंडी मी दिलीच नाही. का? माझा धान भारी, उशिरा येणारा. लोंब्या भरत होत्या आणि धानाची बांधी पाण्याविना तडकली होती. शेजारच्या शेवंताबाईचा हलका धान मात्र कापून झालेला, कापलेल्या धानाच्या कडपा शेतातच पसरून वाळत पडलेल्या. मला दिसत होत्या — आमच्या दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावरून रोज दिसत होत्या. सभेत ती म्हणाली असती, माझा धान उचलेपर्यंत थांबा. म्हणून मी फोनवर सांगून टाकलं, गावाची हरकत नाही.

विमान फिरलं, पाऊस पडला. विमानामुळेच पडला का? छातीठोकपणे कोणीच सांगू शकत नाही — आणि मी त्याच आडोशाला लपलो. बाईच्या कडपांना कोंब फुटले. एकटी बाई, तिचा वर्षाचा तांदूळ त्यातच होता.

पुढच्या सभेत ती उभी राहिली. "इमान फिरून राह्यलं होतं, त मले काऊन नाही सांगितलं?"

"बाई, पानी का इमानानं पडते?" मी म्हणालो, आणि हसलो. मग सगळेच हसले, तोंडपुजे लेकाचे. तेव्हापासून पोरंसोरं तिला विमानबाई म्हणतात. मी कधी कोणाला दटावलं नाही.

यंदा ते लोक पुन्हा आले. मागच्या वेळी कोणाचं नुकसान झालं का, असं त्यांनी माझ्या ओसरीवर बसून नीट विचारलं. नेमकी तेव्हाच शेवंताबाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन समोरून जात होती. अजून तोंड उघडता आलं असतं. मी म्हणालो, नुकसान कोणाचंच नाही, ही एक बाई तेवढी बडबडत असते — डोकं फिरलंय तिचं.

तिने ऐकलं. थांबली नाही.