बालीच्या नाचातले डोळे

बायको गेली त्याच वर्षी मुलीने मला बालीच्या सहलीला पाठवलं. रोह्याच्या कंपनीत आयुष्यभर शिफ्ट केलेला माणूस वरसेच्या घरी नुसता बसून राहतो, हे तिला बघवेना. पेणहून निघालेल्या त्या ग्रुपमध्ये मी सोडून सगळी जोडपी होती.

एके दिवशी आम्हाला कलाकारांच्या गावात नेलं. तिथे एका ओसरीवर एक बाई लाकडी मुखवट्याचे डोळे रंगवत होती. श्वास धरून रेघ ओढायची, मग श्वास सोडायचा. मी तिथेच उभा राहिलो. माझ्या बायकोचं माहेर जोहे, घरचा गणपतींचा कारखाना. लग्नानंतरही श्रावणात ती मूर्तींच्या डोळ्यांच्या आखणीला तिकडे जायची आणि असाच श्वास धरायची. तेव्हा कोणी बोललेलं तिला खपत नसे. आणायला गेलो की मी दारातच थांबायचो. ग्रुप कधी पुढे गेला कळलं नाही. गाइड मला शोधत मागे आला.

दुपारी नाच होता. सोनेरी मुकुट घातलेल्या मुलींची बोटं सावकाश फिरत होती आणि पितळी वाद्यांवर ठोका पडला की डोळे झटकन कोपऱ्यात जात होते. मान मात्र जागची हलत नव्हती. मी शेजारी वळलो आणि म्हणालो, "बघितलंस?"

शेजारी आमच्याच ग्रुपमधल्या, रामवाडीच्या एक बाई बसल्या होत्या, नवरा त्यांच्या पलीकडे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण हसल्या नाहीत. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

नाच संपल्यावर वादकांनी पाहुण्यांना वाद्यं वाजवू दिली. सगळे तिकडे गेले, बेसूर खणखणाट सुरू झाला. मी खुर्चीतच होतो. त्या बाई परत येऊन बसल्या.

"भाऊ, वहिनी नाय आल्या?"

"ती गेली," मी म्हणालो. "होळीच्या आधी."

सहलीत हे मला कोणी विचारलं नव्हतं आणि मीही आपणहून काढलं नव्हतं.  त्यांनी मघाशी मी बायकोला काय दाखवत होतो ते विचारलं. मी जोह्याच्या कारखान्याचं सांगू लागलो. रंग कालवण्यापर्यंत आलो, तेवढ्यात त्यांच्या नवऱ्याने लांबून हाक मारली. त्या मलाही चला म्हणाल्या. गेलो. एका वादकाने हातात काठी देऊन टांगलेली मोठी पितळी थाळी दाखवली. मी एकदाच मारली. आवाज पोटात शिरला आणि बराच वेळ विरला नाही. तो विरेपर्यंत मी काठी धरून उभा होतो. ती दोघं तोवर दुसऱ्या वाद्याकडे गेली होती.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. पाय दुखतात का, जेवण जातं का, विचारत होती. सगळं बरं आहे म्हणालो. डोळ्यांचं काही बोललो नाही. नुकती कुठे ती आईचं नाव काढून न रडता बोलायला लागली होती.