भर बाजारात दिलेली ग्वाही

ती घटना आठवली की आजही हात जोडले जातात. घाटंजीकडच्या एका तांड्यावरची म्हातारी माझ्या पोलीस ठाण्यात आली. सुनेच्या हातातलं चांदीचं कडं गेलं, आणि संशय शेजारच्या विधवा बाईवर. तक्रार घेतली. तेवढ्यात खबऱ्याचा फोन आला, की ती बाई सराफाकडे दिसली होती. सराफाकडे दिसणं म्हणजे चोरी नव्हे, पण तांड्याला तेवढं पुरलं.

बाईला चौकशीला बोलावलं. ती रडली नाही, की भांडली नाही. मुलीचं लग्न ठरलंय, तिच्यासाठी जोडवी घ्यायला गेले होते, एवढंच म्हणाली. सराफानंही तेच सांगितलं. पण बोभाटा व्हायचा तो झालाच होता. मुलाकडचे सोयरीक मोडायच्या बेतात होते.

मग सासूला बाहेर बसवून सुनेचा जबाब घेतला. महिला शिपायानं चहा पाजला, तेव्हा पोरगी बोलली. उन्हाळ्यात तिकडे कोरड्या नदीत वाळू उकरून झिरा करतात, वाटीवाटीनं पाणी भरतात. उकरताना कड्यानं हात सोलतो, म्हणून तिनं कडं काढून झिऱ्याच्या काठावर ठेवलं आणि विसरली. दुसऱ्या दिवशी झिऱ्यापाशी शोधलं, मिळालं नाही. सासूच्या धाकानं चोरीला गेलं म्हणाली.

आता गंमत अशी, की झिरा आटला की बाया शेजारी दुसरा उकरतात आणि त्याची वाळू जुन्यावर लोटतात. पोरगी शोधत होती नव्याशी! बंदोबस्ताचा मेटल डिटेक्टर घेऊन आम्ही नदीत उतरलो. आधी बाटल्यांची झाकणं निघाली, मग बैलाची नाल. लोक हसायला लागले. पण एका बुजलेल्या झिऱ्यावर यंत्र पुन्हा वाजलं, वाळू बाजूला केली, आणि कडं हाती आलं. पंचनामा केला. सासूला बजावलं, सुनेनं खरं सांगितलं म्हणून हे मिळालं, तिला बोललात तर मी परत येईन.

विधवा बाईला बाजूला घेऊन म्हटलं, सुटलात तुम्ही, जा घरी. ती हलेना.

"साहेब, मले कानात नका सांगू. बोंब चारचौघात झाली. बाजाराच्या दिवशी सोयरे येतेत, तिथं सांगा."

गेलो. वर्दीवर, भर बाजारात, मुलाच्या बापासमोर मोठ्यानं सांगितलं, की या बाईनं काही चोरलेलं नाही. त्यानं माझ्यासाठी चहा मागवला आणि तिला म्हणाला, "विहीणबाई, तुमीबी बसा."

निर्दोष माणसाला नुसतं सोडून भागत नाही, हे मला त्या बाईनं शिकवलं. पुढं ज्याच्यावरचा संशय खोटा ठरला, त्याच्या दारात जाऊन मी ते मोठ्यानं सांगत आलो. तिचे उपकार आहेत माझ्यावर.