सेत्तिमिओची तिर्री

ऑगस्टपासून ओरेस्तेच्या डोक्यात एकच भुंगा घोंगावतोय: सेत्तिमिओचं तोंड वाकडं झालं, ते आपल्याला दिसलं होतं की नव्हतं? दिसलं होतं. मग आपण काय केलं? पत्ता टाकला. इथवर विचार आला की त्याचं डोकं बंद पडतं आणि तो उठून झाडलेलंच अंगण पुन्हा झाडायला लागतो.

ओरेस्ते म्हणजे आमच्या रोक्काव्हेंतोचा रस्तेवाला. दरीतून गावात यायला बावीस वळणं आहेत, आणि पडलेली दरड त्याने हातांनी उपसली नाही असं त्यांतलं एकही नसेल. एकतीस वर्षं हेच केलं. ट्रकवर सेत्तिमिओ, फावड्यावर ओरेस्ते. दिवसभर एकमेकांना शिव्या. पण ओरेस्तेची बायको गेली तेव्हा हाच सेत्तिमिओ दोन महिने रोज दाराशी सूपचं भांडं आणून ठेवायचा आणि रोज तेच म्हणायचा, "उरलं होतं. फेकायचं जिवावर आलं." एकट्या माणसाच्या घरी रोज बरोब्बर एका माणसाचं सूप कसं उरतं, हे ओरेस्तेने कधी विचारलं नाही.

निवृत्त झाल्यापासून दोघांचा एकच उद्योग. दुपारी साडेचार वाजले की इव्हानाच्या बारमध्ये ब्रिस्कोला, म्हणजे चौघांचा पत्त्यांचा डाव. हे दोघे भिडू, समोर नाझ्झारेनो खाटीक आणि देवळाची घंटा वाजवणारा क्विंतो. भिडू बदलायची गोष्ट कोणी काढत नाही. बायको बदलण्यासारखंच ते.

आता या खेळात तिर्री म्हणजे काही फालतू पत्ता नव्हे. हुकमाचा एक्का सर्वांत मोठा, त्याच्या खालोखाल तिर्री, राजा तिसरा. आणि भिडूला खुणा करायला परवानगी आहे, फक्त समोरच्याने पकडलं की नाचक्की. एक्का असला तर ओठांचा चंबू. राजा असला तर नजर छताकडे. तिर्री असली तर तोंड डावीकडे वाकडं, माशी बसावी इतका वेळच. सेत्तिमिओची तिर्री गावात प्रसिद्ध होती. नाझ्झारेनोने बारा वर्षांत ती दोनदा पकडली असेल, आणि ते दोन दिवस तो अजून सांगत फिरतो.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना ओरेस्तेच्या पुतणीला, मार्झियाला, अवदसा आठवली. बापाच्या शेतावर तिने पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या. डुकरांचा गोठा होता तिथे पोहायचा तलाव आला. लोक हॉलंडहून, डेन्मार्कहून यायला लागले. सकाळी पीठ मळून शेवया लाटायच्या, मग गाढवावर बसायचं, मग तेल चाखायचं. ओरेस्तेला यातलं काहीच कळेना. त्याच्या आईने जन्मभर पीठ मळलं, तिला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

एक दिवस स्वयंपाकघराच्या दारावर लावलेला कागद त्याने चष्मा लावून वाचला आणि तो उडालाच.

"मार्झिया! 'साडेचार वाजता: गावातल्या वृद्धांचा पत्त्यांचा डाव.' हे काय आहे?"

"तुम्हीच की, काका."

"मी? तेल चाखणं आणि रात्रीचं जेवण यांच्या मध्ये मी?"

"अहो, लोकांना आवडतं. खाली तुमच्या खुणापण लिहिल्यात मी. 'खेळणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे लक्ष ठेवा, फार गंमत येते.'"

"खुणा लिहिल्यास? कागदावर? अगं मग त्या खुणा कसल्या!"

"डच भाषेत लिहिल्यात, काका. नाझ्झारेनोकाकांना कुठे येते डच?"

पुतणीपुढे त्याचं कधीच काही चाललेलं नाही. वर पाहुण्यांना शेतावरून गावात घेऊन यायचं कामही तिने गोड बोलून त्याच्याच गळ्यात मारलं.

ऑगस्टच्या दुसऱ्या गुरुवारी सहा जण होते. तो त्यांना चढावरून वर घेऊन आला. देवळापाशी ते थांबले नाहीत, पण इव्हानाने दोरीवर वाळत घातलेल्या चादरींचे भरपूर फोटो काढले. ओरेस्तेने त्या चादरींकडे नीट बघितलं. चादरीच होत्या. पाहुण्यांत हानेके नावाची साठीची बाई होती, तिला मोडकीतोडकी आपली भाषा यायची. बारच्या दारात तो तिला बजावून म्हणाला, "सगळ्यांना सांगा. बघणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. तोंड वेडंवाकडं करायचं नाही. काही दिसलं तरी गप्प बसायचं."

तिने मान डोलावली आणि सगळ्यांना सांगितलं.

डाव सुरू झाला. आमच्या पत्त्यांत बदाम-किल्वर नसतात, तलवारी, पेले, नाणी आणि सोटे असतात; त्या दिवशी हुकूम तलवारींचा. नाझ्झारेनोने बारका पत्ता टाकला. ओरेस्तेने समोर पाहिलं, तर सेत्तिमिओचं तोंड डावीकडे वाकडं. म्हणजे हुकमाची तिर्री! आणि शेवटचा पत्ता त्याचाच. ओरेस्तेने बिनधास्त पेल्यांचा एक्का घातला, अकरा गुणांचा. क्विंतोने हुकमाचा राजा मारला. आता सेत्तिमिओची तिर्री पडणार आणि सगळं आपल्या घरात!

सेत्तिमिओने फालतू दुर्री टाकली.

ओरेस्ते त्याच्याकडे बघतच राहिला. पुढचा हात असातसा गेला, तो नाझ्झारेनोने उचलला आणि पुन्हा बारका पत्ता टाकला. सेत्तिमिओचं तोंड अजून तसंच. राखून ठेवलीय बेट्याने, ओरेस्तेला वाटलं, मोठ्या माशासाठी. त्याने नाण्यांचा एक्काही घातला. तोही गेला.

"अरे, तुझी तिर्री काय अंडी घालतेय का?"

सेत्तिमिओ हसला. निदान हसल्यासारखं दिसलं.

नाझ्झारेनोला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "पकडली! अरे, पाच मिनिटं तोंड वाकडं करून बसलाय! पाहुण्यांना दाखवतोस काय रे?"

पाहुणेही हसले. कागदावर लिहिलंच होतं की गंमत येते. ओरेस्तेला मात्र संताप आवरेना. एकतीस वर्षं ज्याच्याबरोबर दरडी उपसल्या, तो चार परक्यांसमोर विदूषकपणा करतोय? "नाटकं बंद कर, मेल्या! खेळायचं तर नीट खेळ!"

सेत्तिमिओ पत्ता उचलायला गेला आणि त्याचा उजवा हात टेबलावर धपकन पडला. धक्क्याने डाव्या हातातले पत्ते उताणे सांडले. त्यांत तिर्री नव्हती. साधा हुकूमसुद्धा नव्हता.

हानेके उठून पुढे आली. ओरेस्ते तिच्यावरही ओरडला, "बाई, डाव चालू आहे!" तिने ऐकलं नाही. सेत्तिमिओसमोर गुडघ्यांवर बसून तिने त्याला दोन्ही हात वर करायला लावले. एकच वर गेला. मग ती वळली आणि ओरेस्तेवर इतक्या जोरात ओरडली की इव्हानाच्या हातातला पेला पडला. "गाडी बोलवा! आत्ता!"

ती जन्मभर नर्स होती, हे नंतर कळलं. रुग्णवाहिका बावीस वळणं चढून आली आणि बावीस उतरून गेली. सेत्तिमिओ वाचला.

पाहुणे परत निघाले त्या सकाळी ओरेस्ते हानेकेला भेटायला गेला. "तुम्हाला कधी दिसलं?"

"पहिल्या एक्क्यालाच," ती म्हणाली. "पण कागदावर लिहिलं होतं ना, तोंड वाकडं म्हणजे तिर्री. आणि तुम्ही म्हणाला होता, गप्प बसायचं." मग, "मी बसायला नको होतं. मीसुद्धा रोज तेच घोकते."

बाईचे डोळे भरले होते. ओरेस्तेने तिची बॅग उचलून गाडीत ठेवली.

सेत्तिमिओ ऑक्टोबरच्या शेवटी परतला. उजवा हात मांडीवर पडलेला, शब्द एकेक करून निघतात, आणि तोंड डावीकडे ओढलेलं ते कायमचंच. दाढीही आता त्याची बहीण येऊन करून देते, त्यामुळे आरशात बघणं होत नाही. पहिल्याच दिवशी साडेचारला तो खुर्चीत येऊन बसला. मार्झियाने तो कागद कधीच फाडून टाकला होता. बारमध्ये बघणारं कोणी नव्हतं. पत्ते उभे खोचायला क्विंतोने त्याला खाच पाडलेली फळी करून दिली.

नाझ्झारेनोने बारका पत्ता टाकला. ओरेस्तेच्या हातात पेल्यांचा एक्का होता. त्याने समोर पाहिलं. तोंड वाकडं. आता याचं काय करायचं? सकाळी रस्त्यात भेटला तेव्हाही वाकडंच होतं. डोळ्यांत बघितलं, तिथे काही कळेना. त्याचा हात एक्क्यावर गेला, आणि त्याने शेजारची चव्वी टाकली. क्विंतोने हुकमाचा राजा मारला.

सेत्तिमिओने डाव्या हाताने सावकाश पत्ता उचलला आणि टेबलावर ठेवला. हुकमाची तिर्री.

"एक्का... होता ना... तुझ्याकडे?"

"होता."

"मग? मी... खूण... केली की. तोंड... वाकडं केलं. दिसलं नाही?"

नाझ्झारेनोने मान खाली घातली. क्विंतो खिडकीतून बाहेर बघायला लागला. आपलं तोंड सरळ आहे आणि हवं तेव्हाच आपण ते वाकडं करतो, असं सेत्तिमिओला खरंच वाटत होतं.

"दिसलं होतं रे," ओरेस्ते म्हणाला. त्याने बाहीने डोळे पुसले. "दिसलं होतं. मलाच कळलं नाही. चूक माझी."

सेत्तिमिओने डाव्या हाताने टेबलावरचे चारही पत्ते त्याच्याकडे सरकवले.

"एका... तिर्रीसाठी... रडतोस, गाढवा?" तो म्हणाला. "उचल... पत्ता. आपला हात... आहे."