नदीपलीकडच्या पापण्या

डेट्रॉइटजवळच्या नोव्हायमधल्या बहुतेक मराठी माणसांसारखा मीही गाड्यांच्या धंद्यात आहे, पण गाडी बनवण्याशी माझा काडीचा संबंध नाही. आमची कंपनी गाड्यांच्या आतलं वायरिंग पुरवते आणि मी तिथे ट्रेड कम्प्लायन्स बघतो. म्हणजे माल कुठल्या देशातून आलेला चालतो आणि कुठल्या देशातून आलेला चालत नाही, यावर लक्ष ठेवतो. सोप्या भाषेत सांगायचं तर पगार घेऊन संशय घेतो. संशय आला की चीनमधल्या सप्लायरला ईमेल करतो, की तुमच्या मालात उत्तर कोरियात बनलेलं काही नाही ना? तो लगेच उलट कळवतो, की नाही, अजिबात नाही. झालं, माझा संशय फिटतो. इतक्या वर्षांत एकाही सप्लायरने 'हो, थोडंसं आहे' असं लिहिलेलं नाही, आणि त्याचं मला किंवा माझ्या बॉसला कधी आश्चर्यही वाटलेलं नाही.

या नोकरीमुळे पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या आमच्या मराठी जेवणांना, मला भाव होता. उत्तर कोरियाने क्षेपणास्त्र सोडलं की लोक हातात ताटं घेऊन माझ्याकडे वळायचे, जणू ते माझ्या सहीने सुटलंय. मी गंभीर चेहऱ्याने सांगायचो, की त्या देशाशी कुणी व्यापार करत नाही, चारी बाजूंनी कोंडी झालेली आहे, शेजारचा चीन तेवढा काय तो आधार. आमच्यात एक निवृत्त सर्जन आहेत, मूळचे नागपूरचे. सगळे त्यांना काका म्हणतात. काकांना ही कोंडी पुरेशी वाटत नसे. "त्या चीनलाच वाळीत टाका, मग बघा," असं ते म्हणायचे. हे म्हणताना त्यांच्या अंगातलं जाकीट, पायातले बूट आणि हातातली थर्माकोलची प्लेट ही तिन्ही चीनमधून आलेली असायची. प्लेट तर मीच आणलेली असायची.

माझी बायको ब्राइडल मेकअप करते. इथे आली तेव्हा व्हिसामुळे तिला नोकरी करता येत नव्हती, म्हणून हौसेने शिकली. पुढे परवानगी मिळाली, पण तोवर हौसेचा धंदा झाला होता. आता आमच्या बेसमेंटमध्ये तिची खुर्ची, आरसा आणि भोवती दिव्यांची रांग आहे, आणि डेट्रॉइटच्या आसपासच्या निम्म्या देशी नवऱ्या त्या खुर्चीत बसून गेल्या आहेत. तिचं म्हणणं असं, की नवरीचा अर्धा मेकअप पापण्यांत असतो. खोट्या पापण्या चांगल्या असल्या तर फोटोत डोळे बोलतात, आणि वाईट असल्या तर नवरी सबंध लग्नभर झोपेतून उठल्यासारखी दिसते.

चांगल्या पापण्या तिला चीनमधली एक बाई पाठवायची. एकेक केस हाताने गाठ मारून बांधलेला, इतक्या हलक्या की लावल्यावर विसरायला होतं. दोघींची ओळख एका वेबसाइटवर झाली आणि पुढे व्हिडिओ कॉलवर गप्पा सुरू झाल्या. मधे भाषांतराचं अॅप. ही मराठीत बोलायची, ती चिनीत. ही तिला ताई म्हणायची, अॅप त्याचं तिकडे काय करत होतं कोण जाणे, पण तिकडून उलट येताना 'आदरणीय परिचारिका' असं काहीतरी यायचं. दोघींचं छान चाललं होतं.

मग कोरोना आला आणि पापण्या बंद झाल्या. पुढे लग्नं सुरू झाली, हॉल उघडले, पापण्या काही येईनात. ताईने मशीनवर बनवलेल्या पाठवल्या, त्या गाडीच्या वायपरसारख्या ताठ. दोन नवऱ्यांनी तक्रार केली. शेवटी एका रविवारी सकाळी बायकोने ताईला जाब विचारायला फोन लावला. मी शेजारी चहा गाळत होतो. अॅप त्याच्या सपाट आवाजात म्हणालं, "पलीकडचे लोक अजून दार उघडत नाहीत. हातकाम पलीकडेच होते. कृपया धीर धरा."

फोन झाल्यावर मी विचारलं, "पलीकडे म्हणजे कुठे?"

"तिच्या गावाला लागून नदी आहे. तिच्या पलीकडे."

मी नकाशा उघडला. ताईचं गाव नदीच्या एका काठावर होतं. दुसऱ्या काठावर तोच देश होता, ज्याच्याशी कुणी व्यापार करत नाही असं मी पॉटलकला सांगत असे.

बायकोने पुन्हा फोन लावून सरळ विचारलं, तर ताईने सरळ सांगितलं. लपवाछपवी नाही, संकोच नाही. आपण साडी फॉल-पिकोला शेजारच्या गल्लीत टाकतो त्या चालीवर तिने सांगितलं, की केस आणि दोरा इकडून जातो, तिकडच्या बायका बांधतात, माल परत येतो, मग ती डबीत भरून चीनचं लेबल लावते. आमच्या गावात सगळेच असं करतात, हेही म्हणाली. महामारीत त्या देशाने स्वतःहून सरहद्द बंद केली म्हणून सगळं अडलं होतं. म्हणजे सगळ्या जगाचे निर्बंध जे करू शकले नव्हते, ते त्यांच्या हुकूमशहाला एका विषाणूच्या भीतीने जमलं होतं.

मी बायकोला सांगितलं, की हा माल अमेरिकेत आणणं हा गुन्हा आहे, आणि ज्या माणसाचं कामच हा माल अडवणं आहे त्याच्या घराच्या बेसमेंटमध्ये तो सापडणं म्हणजे तर कमालच झाली.

"मग तुमच्या कंपनीतल्या वायर कुठून येतात?" तिने विचारलं.

"सप्लायर लिहून देतो ना, की तिथल्या नाहीत म्हणून."

"एवढंच? मग हीसुद्धा लिहून देईल."

तिने तिथल्या तिथे टाइप केलं. माझा चहा संपायच्या आत उत्तर आलं, की आमचा सर्व माल शंभर टक्के चीनमध्येच तयार होतो, आणि खाली गुलाबाचं फूल. ऑफिसात असतो तर हे उत्तर मी समाधानाने फाइल करून जेवायला गेलो असतो.

बायकोने ताईकडून माल घेणं थांबवलं. माझ्या भाषणामुळे नाही, तर त्या बायकांचा विचार तिच्या डोक्यातून जाईना म्हणून. त्यांना पैसे मिळतात की नाही हे तिने ताईला विचारलं होतं. ताई म्हणाली, की पैसे आपण त्यांच्या साहेबाला देतो, पुढचं तो बघतो. दोन वर्षं बायकोने मिळतील त्या पापण्यांवर काम भागवलं. पूर्वीच्या डब्यातला एकच जोड तिने ठेवून दिला होता.

तो बाहेर निघाला काकांच्या नातीच्या लग्नाला. ही मुलगी इथेच जन्मलेली, आमच्या डोळ्यांदेखत मोठी झालेली. ती वकील झाली आणि राजधानीत एका संस्थेत नोकरीला लागली. काम काय, तर जगातल्या बंदिस्त हुकूमशाही देशांत लोकांकडून सक्तीने जी मजुरी करून घेतात, त्यावर रिपोर्ट लिहिणं. काकांची छाती तिच्या नावाने रुंद व्हायची. लग्नाआधीच्या मेकअप ट्रायलला ती आमच्या बेसमेंटमध्ये खुर्चीत डोळे मिटून पडली होती आणि कामाबद्दल बोलत होती. बायकोने उजव्या डोळ्याची पापणी चिकटवली, आणि तेवढ्यात मुलगी म्हणाली, की सध्या आम्ही नॉर्थ कोरियावर काम करतोय. बायकोचा हात थांबला. मी जिन्यात होतो, मला वाटलं ही आता गप्प बसेल. पण तिने सगळं सांगून टाकलं.

मुलगी एक डोळा उघडून ऐकत होती. मग शांतपणे म्हणाली, "मावशी, प्लीज टेक इट ऑफ." रागावली नाही. उलट आम्हालाच धीर दिला, की इट्स नॉट युअर फॉल्ट. घरी जाऊन तिने स्वतः शोध घेतला आणि एका अमेरिकन कंपनीच्या पापण्या मागवून आमच्या पत्त्यावर पाठवल्या. डबा सुरेख होता. आत एक कार्ड होतं, की प्रत्येक पापणी स्त्रियांच्या सक्षमीकरणातून हाताने घडवली आहे. किंमत ताईच्या कितीतरी पट होती, अर्थात सक्षमीकरण कुठे फुकट होतं?

बायकोने डबा उघडून पापणी दिव्याखाली धरली आणि एकेक गाठ निरखून बघितली. मग फोटो काढून ताईला पाठवला. ताईचं उत्तर आलं, "माल माझा आहे. डबा त्यांचा आहे." पाठोपाठ दुसरं, "तुम्हाला डब्याशिवाय हवा असेल तर कमी भावात देते. सरहद्द आता उघडली आहे."

मी म्हणालो, मुलीला आत्ता सांगू नको, लग्न होऊ दे, मग बघू. बायको म्हणाली, ट्रायलला एक बोलायचं आणि लग्नाला दुसरं, हे तुमच्या खात्यात चालत असेल. पण फोनवर तिला धीर होईना आणि सांगायचं राहत गेलं. शेवटी लग्नाच्या सकाळी हॉटेलच्या खोलीत, नवरी नऊवारी नेसून आरशासमोर बसल्यावर, तिने सांगितलं. मी दिव्यांचे स्टँड वाहायला आलेला हमाल म्हणून तिथे हजर होतो.

नवरीच्या आईने डोक्याला हात लावला. खाली मुहूर्त जवळ आला होता. आईने काकांना बोलावून घेतलं, की आता तुम्हीच समजवा हिला. चीनला वाळीत टाकायला निघालेले काका फेटा सावरत आत आले, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "अगं, एका दिवसाने काय होतंय? लाव आणि चल खाली."

"आजोबा, तुम्हीच म्हणता ना, नो ट्रेड?"

"ते देशांबद्दल," काका म्हणाले.

नवरीने माझ्या बायकोकडे बघितलं. "मावशी, मी नाही लावल्या तर त्या बांधणाऱ्या बाईचं काय होतं?"

"मला नाही माहीत," बायको म्हणाली. "तुझं तर कामच आहे हे. तुला माहीत असेल."

"आय डोन्ट," नवरी म्हणाली. "कुणालाच माहीत नाही. आम्ही एवढे रिपोर्ट लिहितो, पण त्यांच्यातल्या एकीशीही बोललेलो नाही."

हे तिने इतक्या साधेपणाने सांगितलं, की मला माझ्या पॉटलकच्या भाषणांची आठवण नकोशी झाली. बायकोने डबा बंद केला आणि तिच्या डोळ्यांत नुसतं काजळ घातलं. ती तशीच खाली गेली. अंतरपाट दूर झाला तेव्हा नवरी छान दिसत होती, पण हे मी सांगायलाच हवं असं नाही, कारण तिच्याकडे कुणी फारसं बघत नव्हतं. मागे उभ्या असलेल्या तिच्या सगळ्या मैत्रिणी लांबलचक पापण्या फडफडवत फोन वर धरून उभ्या होत्या. त्यांचा मेकअप दुसऱ्या बाईने केला होता आणि तिला कुणी काही विचारलं नव्हतं. रात्री रिसेप्शनला काकांनी टोस्ट दिला. नात जगातल्या दडपलेल्या लोकांसाठी कशी झटते ते सांगितलं, आणि तत्त्वाशी तडजोड न करणं हे आमच्या रक्तातच आहे, असं म्हणून ते खाली बसले. टाळ्या भरपूर पडल्या. नवरीनेही वाजवल्या.

अल्बम आला तेव्हा तिच्या डोळ्यांवर दाट पापण्या होत्या. फोटोग्राफरला वाटलं काहीतरी राहून गेलंय, म्हणून त्याने एडिटिंगमध्ये घालून घेतल्या. हे काम तो बाहेरून करून घेतो. तिथली माणसं कुठल्या देशात बसून हे करतात, ते त्याने सांगितलं नाही, आणि माझा धंदा हाच असूनही मी विचारलं नाही.

त्यानंतर बायकोने एक नियम केला. प्रत्येक नवरीला ती आधीच सांगते, की हाताने बांधलेल्या पापण्या कुठून येतात याची मी हमी देऊ शकत नाही, म्हणून मी त्या ठेवत नाही. स्वतःच्या आणल्यास तर लावून देईन, पण कुठून आल्या ते तू विचारून ये. बऱ्याच जणी मन लावून ऐकतात. अरेरे म्हणतात. मग विचारतात, वॉटरप्रूफ आणू की साध्या?

ताईशी तिचं बोलणं मात्र सुटलेलं नाही. ऑर्डर नाही तरी ताई सणावाराला फोन करते. मागे एकदा संध्याकाळी, म्हणजे तिकडे सकाळ होती, बायकोने तिला नदी दाखवायला सांगितली. ताईने गॅलरीत जाऊन फोन बाहेर धरला. मीही मागे येऊन उभा राहिलो. पाणी फारसं रुंद नव्हतं. पलीकडे बसकी, एका रंगाची घरं होती आणि काठाने कुणीतरी सायकल हातात धरून चाललं होतं. बायकोने विचारलं, पापण्या बांधणाऱ्या बायका यातल्या कुठल्या घरात राहतात. ताई म्हणाली, मी कधी कुणाला भेटले नाही, एक माणूस पेट्या घेऊन जातो आणि घेऊन येतो. मग तिचा हात दुखायला लागला, तिने फोन खाली घेतला आणि मुलीच्या परीक्षेचं सांगायला लागली.