राजीखुशीचा कागद

त्या कारखान्यात काजमावशींना कुणी खऱ्या नावाने हाक मारल्याचं आठवत नाही. परदेशी जाणाऱ्या कोटांची काजं करण्यात सव्वीस वर्षं गेली, तेच नाव होऊन बसलं. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, जीभ त्याच्याही पुढे.

जगात मंदी आली हे त्यांना वर्तमानपत्रांच्या आधी कळलं. कोटाच्या नमुन्यातून आधी आतला खिसा गेला. मग आत टाचलेलं जादा बटण गेलं. "बटण तुटलं की तिकडचा माणूस वाऱ्यावर," मावशी हसून म्हणाल्या. पुढे मशिनींच्या दोन रांगा बंद पडल्या, आणि एका सकाळी मॅनेजरसाहेब चाळीस बायकांसाठी चाळीस छापील कागद घेऊन आले. 'मी राजीखुशीने काम सोडत आहे.'

पहिला कागद मावशींपुढे. थोरल्या त्या, त्यांनी सही केली की बाकीच्या मागोमाग करणार.

"मावशी, तज्ज्ञ म्हणतात, जगाचं अजून दोन वर्षं काही खरं नाही."

"मग काढून टाका की."

साहेबांनी पेन पुढे सरकवलं. काढलं तर भरपाई द्यावी लागते. राजीखुशीला दमडी लागत नाही. मावशींच्या नवऱ्याने गेल्या वर्षी दुसऱ्या कारखान्यात असाच कागद भोळेपणाने सही करून दिला होता. तेव्हापासून तो शेजाऱ्यांचे पंखे फुकट दुरुस्त करत दिवस ढकलत होता. घरात मिळवते हात दोनच उरले होते, मावशींचे.

त्यांनी कालच आलेला नवा नमुना उलगडला. "हे बघा, आतला खिसा परत आलाय. तिकडे दिवस पालटताहेत, आणि तुम्ही आत्ता आम्हाला घालवताय. चार महिन्यांनी अर्ध्या पगारात नव्या पोरी आणायला ना?"

"तुमचा अंदाज चुकला तर?"

"तज्ज्ञांचे चुकतात, त्यांना कुणी घरी बसवतं का?"

मागे खसखस पिकली. साहेबांचे कान लाल झाले. "पाण्यात राहून माशाशी वैर करताय. उद्यापासून धागे कापायच्या टेबलावर बसा."

ते शिकाऊ पोरींचं काम; नाटकातल्या नायिकेला मागच्या गर्दीत उभं करावं, तसंच. मावशींनी बिनसहीचा कागद परत त्यांच्या हातात ठेवला. "कुठेही बसवा. बसणार मात्र इथेच."

त्या दिवशी एकीनेही सही केली नाही. दुसऱ्या दिवशी आठच्या ठोक्याला मावशी धागे कापायला हजर. त्यांच्या रिकाम्या मशीनवर बसायला मात्र कुणाचे डोळे दुखत होते, कुणाचा हात. दुपारपर्यंत बिनकाजाच्या कोटांचा ढीग साहेबांच्या दाराला टेकला. मावशींनी मान वर केली नाही. एकेक धागा बुडापासून कापत राहिल्या.